हक्काची बंदूक : प्रस्तावना

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एवढी पोरं मेली, तरी हे लोक बंदुका का सोडत नाहीत? तिकडच्या बंदूकधारकाला तो विचारला तर त्याचंही उत्तर ठरलेलं असतं. बंदूक स्वतःहून उठून कुणाला मारायला जात नाही, मारतो तो माणूस. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतकी तयार असतात की त्यापुढे बोलणंच होत नाही. मेणबत्त्या लागतात, पुढारी शोकसंदेश देतात, आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

त्या तयार प्रश्नोत्तरापलीकडे जावं म्हणून हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. बंदूक बाळगण्याचा हक्क कुठून आला आणि त्याची हद्द कुठवर, हा एक प्रश्न. एखादा माणूस शाळेत, चर्चमध्ये, बाजारात शिरून अनोळखी माणसं का मारतो, हा दुसरा. अमेरिकेच्या वादात हे दोन्ही प्रश्न एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. हक्काचं नाव काढलं की समोरचा हत्याकांड दाखवतो, हत्याकांडाचं नाव काढलं की समोरचा हक्क दाखवतो. दोन्ही स्वतंत्रपणे तपासले तर ते जिथे खरोखर एकमेकांना भिडतात ती जागा बरीच लहान आहे, असं माझं मत झालं. आणि त्या लहान जागेत करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

मराठी वाचकानं यात का लक्ष घालावं? १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून पुढच्या शिक्षणासाठी गेलेली एक तरुण विद्यार्थिनी होती आणि तामिळनाडूत जन्मलेले स्थापत्य अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक होते. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारावर हल्ला झाला. २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या फेडएक्स केंद्रात आठ जण मारले गेले, त्यांतले चार शीख होते. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली-अमरावतीतही अशी घरं आहेत, ज्यांची नातवंडं न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये शाळेत जातात आणि वर्गाचं दार आतून लावून कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करतात. म्हणून हा प्रश्न आपल्यालाही दूरचा राहिलेला नाही.

आधी हक्काविषयी.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आली. ती एका वाक्याची आहे. पहिल्या भागात स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक असल्याचं म्हटलं आहे, दुसऱ्या भागात लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क भंग होता कामा नये असं बजावलं आहे. पहिला भाग दुसऱ्याला बांधून ठेवतो की केवळ त्याचं निमित्त सांगतो, यावर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. नुकताच इंग्लंडच्या राजाशी लढलेला तो देश होता. केंद्राच्या हाती कायमचं सैन्य असेल तर ते आपल्याच लोकांवर उलटेल, ही भीती तेव्हा खरी होती. १७९२ च्या कायद्यानं १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकांना नागरी सेनेत नाव नोंदवणं आणि स्वतःची बंदूक बाळगणं बंधनकारक केलं. म्हणजे त्या काळी बंदूक हा हक्क होता तसंच ते कर्तव्यही होतं. आणि तो कुणाचा, हेही त्या ‘गोऱ्या’ शब्दात स्पष्ट होतं.

पुढची दोनशेहून अधिक वर्षं या वाक्याकडे न्यायालयांनी फारसं पाहिलं नाही. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनवरचं बंधन कायम ठेवलं, कारण अशा बंदुकीचा नागरी सेनेशी काही संबंध दाखवण्यात आला नव्हता. खरी कलाटणी मिळाली ती २६ जून २००८ रोजी. डिक हेलर हे वॉशिंग्टनमधले सशस्त्र रखवालदार होते. कामावर कमरेला पिस्तूल आणि घरी मात्र पिस्तुलाला बंदी, अशी त्यांची स्थिती होती. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी रद्द केली आणि स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितलं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचा. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी नागरी सेनेच्या इतिहासाचा दाखला देत कडाडून विरोध नोंदवला. २०१० मध्ये हाच नियम राज्यांना आणि शहरांना लागू झाला. २०२२ च्या ब्रूएन निकालानं तो घराबाहेर, रस्त्यावर आणला आणि नवी कसोटीही घातली: बंदुकीवरचं कोणतंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. तेव्हापासून जिल्हा न्यायालयांतले न्यायाधीश अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले कायदे धुंडाळत बसले आहेत.

हे सारं सांगण्याचं कारण असं की, आज अनादि वाटणारा हा व्यक्तिगत हक्क न्यायालयाच्या निकालात स्पष्टपणे आला तो २००८ मध्ये. पण तेवढ्यावरून तो बनावट ठरवणं मला मान्य नाही. हक्काची भावना निकालाच्या फार आधीपासून लोकांत होती. ती समजून घेतल्याशिवाय या विषयाला हात घालणं व्यर्थ आहे.

वायोमिंग किंवा माँटानातल्या शेतकऱ्याच्या घरापासून शेरीफची चौकी तास-दीड तासावर असू शकते. तिथे बंदूक म्हणजे शिकार, जनावरांचं रक्षण आणि बापाकडून मुलाकडे आलेला वारसा. शहरातल्या बंदूकधारकाचं कारण वेगळं. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीनुसार साधारण तिसरा हिस्सा प्रौढ अमेरिकनांकडे स्वतःची बंदूक आहे आणि त्यांतले सुमारे ७२ टक्के लोक स्वसंरक्षण हे मोठं कारण सांगतात. पोलीस येतील आणि वाचवतील यावर त्यांचा विश्वास नाही, आणि कायद्यानंही तो विश्वास फारसा टिकवलेला नाही. २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, संरक्षणाचा न्यायालयीन आदेश हातात असलेल्या स्त्रीलाही पोलिसांनी त्या आदेशाची अंमलबजावणी करावी असा घटनात्मक हक्क सांगता येत नाही.

काळ्या अमेरिकनांचा अनुभव तर आपल्या सोप्या समजुतीला थेट धक्का देणारा आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना बंदुका बाळगू न देणारे कायदे केले. झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्ये प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असावी, असा सल्ला दिला होता. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे सशस्त्र कार्यकर्ते कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्यानंतर भरलेली बंदूक उघडपणे मिरवण्यावर बंदी घालणारा कायदा झपाट्यानं मंजूर झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. आणि २०१० च्या ज्या खटल्यानं शिकागोतली पिस्तूलबंदी मोडली, तो लढणारे ओटिस मॅकडोनल्ड हे घरफोड्यांनी जेरीस आलेले वृद्ध काळे गृहस्थ होते. बंदुकीच्या हक्काला ‘गोऱ्या उजव्यांचं खूळ’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ही चार उदाहरणं आधी विचारात घ्यावीत.

नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेवर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १८७१ मध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी ती स्थापन केली, कारण आपल्या सैनिकांची नेमबाजी त्यांना फारच कच्ची वाटली होती. १९३० च्या दशकात तिनं काही निर्बंधांना पाठिंबाही दिला. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या सभेत कडव्या गटानं तिचा ताबा घेतला आणि नेमबाजी शिकवणारी संस्था राजकीय ताकद बनली. या ताकदीनं साधलेलं सर्वांत दूरगामी काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १९९६ मध्ये डिकी दुरुस्ती म्हणून ओळखली जाणारी एक तरतूद अर्थसंकल्पात घुसवली गेली आणि त्यानंतर सरकारच्या रोगप्रतिबंध केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, बंदुकीच्या मृत्यूंवरचं संशोधन जवळपास थांबवलं. त्यासाठी पुन्हा रीतसर पैसा मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. जवळजवळ पाव शतक एवढ्या मोठ्या देशानं आपल्याच मृत्यूंची कारणं शोधायला सरकारी पैसा दिला नाही. आज या विषयावर जे अर्धवट ज्ञान आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता मृत्यूंविषयी.

सीडीसीच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४६,७२८ माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या आणि १७,९२७ खून. सार्वजनिक जागी अनोळखी माणसांना मारणारी, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येणारी जी हत्याकांडं असतात, त्यांतले बळी एकूण मृत्यूंच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे जगाला दिसणारी अमेरिकन बंदूक शाळेतली असते, पण ती सर्वाधिक चालते ती घरातल्या बंद खोलीत, बहुधा मध्यमवयीन किंवा वृद्ध पुरुषाच्या हातून, स्वतःवर. बंदुकीनं केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीवघेणे ठरतात. गोळ्या गिळणाऱ्याला डॉक्टर बहुतेकदा वाचवू शकतात. बंदूक ती संधी देत नाही. म्हणूनच या पुस्तकाचा दुसरा भाग हत्याकांडांआधी आत्महत्यांवर आहे. वाचकाला तो विषयांतर वाटण्याचा संभव आहे, पण निराशेच्या क्षणी माणूस आणि शस्त्र यांत अंतर किती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

‘मास शूटिंग’ किती होतात, याचेही वेगवेगळे आकडे कानावर येतात. गन व्हायोलन्स आर्काइव्ह ही संस्था चार किंवा अधिक माणसांना गोळी लागली की घटना मोजते, मग कुणी मेलं असो वा नसो. त्या हिशेबानं २०२० ते २०२३ या चारही वर्षांत दरवर्षी सहाशेहून अधिक घटना झाल्या. यांत टोळ्यांच्या मारामाऱ्या येतात, वाढदिवसाच्या पार्टीत झालेली भांडणं येतात, घरातल्या हत्याही येतात. संघराज्याचा २०१३ मध्ये अमलात आलेला कायदा एकाच घटनेत तीन किंवा अधिक खून हा निकष लावतो. केवळ सार्वजनिक जागी झालेले, टोळी वा चोरीशी संबंध नसलेले हल्ले मोजले की वर्षाचा आकडा सहाशेवरून दहा-बाराच्या घरात येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण सहाशेचा आकडा सांगून दहा-बारांचं वर्णन करायचं, ही चलाखी बंदूकविरोधकांकडून वारंवार होते. आणि दहा-बारांकडे बोट दाखवून उरलेल्यांकडे पाठ फिरवायची, ही चलाखी दुसरी बाजू करते. कारण उरलेले बळी बहुतांशी गरीब, काळ्या वस्त्यांतले असतात.

पुस्तकाचा तिसरा भाग हत्याकांडांच्या कारणांचा आहे आणि तोच सर्वांत मोठा आहे.

लोकांच्या मनात कारणांची एक यादी तयार असते: मानसिक आजार, व्हिडिओ गेम, तुटलेली कुटुंबं, देवाला विसरलेला समाज. यादीतलं काहीच पूर्ण खोटं नाही. पण यांतलं जवळजवळ सगळं इतर देशांतही आहे. जपान आणि दक्षिण कोरियातली मुलं व्हिडिओ गेममध्ये अमेरिकन मुलांच्या मागे नाहीत. मानसिक आजार सगळीकडे आहे. ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन यांनी दाखवून दिलं आहे की गंभीर मानसिक आजार उद्या पूर्ण नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा चारेक टक्क्यांनीच कमी होईल. ‘वेडा होता’ असं म्हटलं की आपली जबाबदारी संपते आणि लाखो निरुपद्रवी रुग्णांवर संशय बसतो.

मग हल्लेखोरांत समान काय असतं? जिलियन पीटरसन आणि जेम्स डेन्सली या दोन अभ्यासकांनी १९६६ पासूनच्या सार्वजनिक हत्याकांडांतल्या हल्लेखोरांची आयुष्यं खणून काढली. त्यांना चार गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. बालपणीचा खोल आघात. हल्ल्याआधीच्या दिवसांत किंवा आठवड्यांत उघड दिसणारी कोंडी, जशी नोकरी जाणं, नातं तुटणं, सगळीकडून अपमान झाल्याची भावना. आधीच्या हल्लेखोरांचा अभ्यास, त्यांच्याकडे आदर्श म्हणून पाहणं. आणि शेवटी, शस्त्र सहज हाती येणं. त्यांच्या नोंदींनुसार तीन चतुर्थांशांहून अधिक हल्लेखोरांनी निदान काही शस्त्रं कायदेशीररीत्या विकत घेतली होती. शाळेत गोळीबार करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी ती घरच्यांकडून उचलली होती. यांतले बरेच जण आत्महत्येच्या विचारानं ग्रासलेले होते. आपल्यासोबत इतरांनाही संपवायचं, एवढाच फरक.

तिसऱ्या गोष्टीमुळे मी या पुस्तकात एक नियम पाळला आहे. एकाही हल्लेखोराचं नाव त्यात नाही. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार करणाऱ्या दोन मुलांना जी कुप्रसिद्धी मिळाली, तिचं अनुकरण पुढच्या अनेकांनी केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एका मोठ्या हत्याकांडानंतर साधारण १३ दिवस दुसरं घडण्याची शक्यता वाढलेली असते. नाव छापणं म्हणजे पुढच्याला आमंत्रण, असं मी म्हणणार नाही. पण न छापण्यानं वाचकाचं काही बिघडत नाही.

या भागासाठी एकेका घटनेचे चौकशी अहवाल वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली आणि तीच या पुस्तकाचा कणा झाली: जवळजवळ प्रत्येक वेळी कुणाला तरी माहीत होतं.

व्हर्जिनिया टेकच्या हल्लेखोराला डिसेंबर २००५ मध्येच न्यायिक अधिकाऱ्यानं, त्याच्यापासून त्याच्याच जिवाला धोका असल्याचं ठरवून, उपचार घेण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशाची नोंद राष्ट्रीय तपासणी यंत्रणेत गेलीच नाही, आणि त्यानं दोन पिस्तुलं रीतसर विकत घेतली. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळायलाच नको होतं. पण तपासणी तीन दिवसांत पूर्ण झाली नाही तर दुकानदाराला विक्री करता येते आणि इथे तसंच झालं. एफबीआयच्या प्रमुखांनी नंतर चूक जाहीरपणे मान्य केली. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ बळी घेणाऱ्या माणसाला बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयात शिक्षा झाली होती. हवाई दलानं ती कळवलीच नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. त्याआधी महिनाभर एफबीआयला फोनवरून त्या तरुणाविषयी स्पष्ट इशारा मिळाला होता. २०२३ मध्ये मेन राज्यातल्या लुईस्टनला १८ जण मेले. हल्लेखोर राखीव सैनिक होता, त्याच्या नातेवाइकांनी आणि सहकाऱ्यांनी आधीच सावध केलं होतं, आणि चौकशी आयोगाच्या मते शेरीफच्या कार्यालयाकडे त्याला ताब्यात घेण्याइतकी माहिती होती.

या घटनांत नवा कायदा लागत नव्हता, असलेला कायदा पाळला असता तरी पुरलं असतं, असं बंदूकधारक म्हणतात. ते खरं आहे. पण ते वाक्य जरा पुढे न्यायला हवं. ३९ कोटींहून अधिक बंदुका लोकांच्या घरांत असलेल्या देशात एका कारकुनाची एक चुकलेली नोंद हत्याकांडापर्यंत पोहोचू शकते. इतर देशांतही कारकून चुकतात. तिथे त्या चुकीच्या आणि गोळीच्या मध्ये आणखी चार अडथळे असतात.

सिद्धान्त मांडणाऱ्यानं त्याला न जुमानणारी उदाहरणंही सांगावीत. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून झालेल्या गोळीबारात साठ जणांचा जीव गेला. अमेरिकेच्या आधुनिक इतिहासातलं एका माणसानं केलेलं हे सर्वांत मोठं हत्याकांड. तो माणूस साठी ओलांडलेला, पैसेवाला, गुन्ह्याची नोंद नसलेला होता. एफबीआयला शेवटपर्यंत एकही स्पष्ट हेतू सापडला नाही. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. अशा हल्ल्यात इशारे शोधण्याचा उपाय तोकडा पडतो आणि हाती कोणतं शस्त्र, किती गोळ्यांचं मॅगझिन, हाच प्रश्न उरतो.

युवाल्डीचं उदाहरणही दोन्ही बाजूंना अडचणीत आणतं. २४ मे २०२२ रोजी टेक्ससमधल्या त्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे पोलीस आणि इतर सुरक्षा दलांचे मिळून ३७६ जण जमले होते आणि हल्लेखोरापर्यंत पोहोचायला त्यांना ७७ मिनिटं लागली. वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूक हाच उपाय, हे रायफल असोसिएशनचं आवडतं तत्त्व त्या दिवशी कोसळलं. आणि संरक्षण पोलिसांवर सोपवा, तुम्हाला बंदूक कशाला, हा विरोधकांचा युक्तिवादही त्याच दिवशी कोसळला.

शेवटचा भाग उपायांचा. त्याची सुरुवात मी आपल्या घटना समितीपासून केली आहे, कारण शस्त्राच्या हक्काचा हाच प्रश्न आपणही सोडवलेला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली शस्त्रं काढून घेतली, याचा सल राष्ट्रीय चळवळीला होता. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये समितीचे सदस्य हरि विष्णू कामत यांनी तो घटनेत यावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारी वृत्तीच्या माणसालाही तो नाकारता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आग्रहच धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा धरण्यापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असंही ते म्हणाले. आपल्या अनुच्छेद १९ नं शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो ‘विनाशस्त्र’ जमण्याचा. त्यामुळे आपल्याकडे बंदुकीचा परवाना मागणाऱ्यानं कारण दाखवायचं असतं, अमेरिकेत नाकारणाऱ्यानं. पण फार फुशारकी नको. गावठी कट्ट्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत रोज असतात आणि ज्याच्याकडे वजन त्याच्याकडे परवाना, हेही आपण पाहतो.

ऑस्ट्रेलियाचा दाखला हमखास दिला जातो. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेल्यावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी दोन आठवड्यांच्या आत राज्यांना एकत्र आणून नवे नियम ठरवले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनं विकत घेऊन नष्ट केल्या. हॉवर्ड उजव्या पक्षाचे होते, हे विशेष. तरी हा उपाय अमेरिकेला जसाच्या तसा बसणार नाही. तिथे घटनेनं दिलेला हक्क आहे, बंदुका कोट्यवधी आहेत, आणि कुणाकडे काय आहे याची यादी करायला १९८६ च्या कायद्यानंच केंद्राला मनाई केली आहे.

मग करता काय येईल? हेलर निकालात स्कालिया यांनीच लिहून ठेवलं आहे की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्यावरची बंदी, शाळांसारख्या जागांतली बंदी, विक्रीवरच्या अटी यांना त्यांनी धक्का लावला नाही. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात त्याच उजव्या न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की घरगुती हिंसेच्या प्रकरणात धोकादायक ठरलेल्या माणसाची बंदूक काढून घेता येते. धोक्याची चिन्हं दिसणाऱ्या माणसाची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशानं काही काळ काढून घेणारे ‘रेड फ्लॅग’ कायदे वीसेक राज्यांत आहेत, आणि पार्कलँडनंतर फ्लोरिडात असा कायदा करणारे गव्हर्नर रिपब्लिकन होते. खरेदीआधी परवाना, मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलूप, खरेदी आणि ताबा यांत थोडा काळ, या उपायांना कमीअधिक बळकट पुरावा आहे. २०२१ मध्ये मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाला वडिलांनी चारच दिवसांपूर्वी पिस्तूल आणून दिलं होतं. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आलं. अशा प्रकरणात पालक दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. युवाल्डीनंतर महिन्याभरात, २५ जून २०२२ रोजी, दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या कायद्यावर तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी सही केली. तीनेक दशकांत असा कायदा झाला नव्हता. त्याच्या दोनच दिवस आधी ब्रूएनचा निकाल आला होता. हक्क रुंदावला आणि नियंत्रणही थोडं वाढलं, तेही एकाच आठवड्यात. दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा याहून वेगळा पुरावा नको.

म्हणून माझं मत स्पष्टपणे नोंदवतो. बंदुकीचा हक्क अमेरिकेतून नजीकच्या काळात जाणार नाही, आणि तो गेल्याशिवाय काहीच होणार नाही असं म्हणत बसणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं आहे. संतापलेला किंवा खचलेला माणूस आणि भरलेली बंदूक यांतलं अंतर वाढवायला सर्वोच्च न्यायालयानं आजवर मनाई केलेली नाही. जे होत नाही ते राजकारण्यांच्या भीतीमुळे आणि यंत्रणांच्या ढिलाईमुळे होत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना एक विनंती करून थांबतो. निवडणूक आणि कायदे आपल्या हातात असतील-नसतील. पण आपलं मूल मित्राच्या घरी खेळायला पाठवताना त्या घरी एक प्रश्न विचारणं आपल्या हातात आहे: घरात बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुलपात आहे का? तिथले बालरोगतज्ज्ञही हा प्रश्न विचारण्याचा सल्ला देतात. संकोच न करता विचारा. आणि आपल्याच घरात बंदूक असेल, तर उत्तर आधी स्वतःला द्या.